पहिल्या बाटलीचा गुण

नाशिक
२० मे १९७९

ति. मैनाताईस,
सविनय जयभीम.

काल पोचलो. तू कामाचं विचारलंस, पण आबांच्या देखत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

सकाळी सातपूरला कंपनीत जायचं. कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची एक शेड. गोळ्या पाडायचं यंत्र आलं आहे, सरकारी लायसन्स आलेलं नाही. ते आल्याशिवाय औषध करता येत नाही. बोरस्ते साहेब म्हणतात, तोवर बाजार तयार ठेवायचा. म्हणजे मी टाय लावून दवाखाने हिंडायचे. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसायचं, मग दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात दम्याबद्दल बोलायचं, श्वासोल हे आमच्या गोळीचं नाव शक्य तितक्या वेळा घ्यायचं आणि बाटली टेबलावर ठेवायची. डॉक्टर विचारतात, कधी येणार? मी सांगतो, पुढच्या महिन्यात. फेब्रुवारीपासून पुढचाच महिना चालू आहे.

परवा मेनरोडच्या एका दवाखान्यात मोठ्या कंपनीचा जुना माणूस शेजारी बसला होता. म्हणाला, "आमच्याकडे औषध आहे, पण डॉक्टर लिहीत नाहीत. तुझ्याकडे डॉक्टर पेन काढून बसलेत, तर औषध नाही. आपलं दोघांचं लग्न लावायला हवं." मी हसलो. त्या दिवसात हसलो ते तेवढंच.

पाय दुखतात. त्याहून जास्त जबडा दुखतो. दिवसभर चेहरा उत्साही ठेवावा लागतो.

आबांना दाखवायला नेलेली बाटली तिथेच राहिली. ती जपून ठेव. दाखवण्यापुरतीच आहे.

तुझा,
वामन

*

इगतपुरी
३ जून १९७९

प्रिय वामन,
जयभीम.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. जबड्याचा भाग वगळला. टायचा भाग दोनदा वाचायला लावला.

बाटली आबांनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली होती. येईल त्याला दाखवायचे. "आमच्या वामनच्या कंपनीचं हाय. दम्यावर." एके दिवशी त्यांच्या रेल्वेतल्या जुन्या गँगमधले धोंडीरामकाका आले. बाटली हातात घेऊन म्हणाले, "मुकादम, दमा तुला हाय का फोटोला?" त्या दिवसापासून आबांनी गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. लेबलावरचं इंग्रजी काय आहे ते मला विचारलं. मी सांगितलं, नमुना, विक्रीसाठी नाही. म्हणाले, "म्हंजी घरच्यांसाठी."

रेल्वेच्या दवाखान्यातल्या गोळ्या त्यांनी बंद केल्या आहेत. मी आधी भांडले. पण खरंच बरं वाटतंय रे त्यांना. दवाखान्याजवळच्या चढणीवर दोनदा थांबायचे, परवा एकदाही थांबले नाहीत.

त्यांनी तुझ्या साहेबांना पत्र लिहायला लावलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'मी सहादू, रेल्वेचा निवृत्त गँगमुकादम. तुमच्या गोळीने मला गुण आला,' एवढंच. सही मात्र लगेच केली नाही. म्हणाले, गुण टिकतो का ते अजून थोडे दिवस बघू. तुला त्यांचं माहीतच आहे. नोकरीतसुद्धा घाटातली आपल्या हद्दीतली लाइन स्वतः चालून आल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणून कधी सही केली नाही. आठवडा गेल्यावर परवा सही केली. लेबलावरच्या पत्त्यावर मीच टाकलं.

आता गोळ्या संपत आल्या आहेत. आणखी एक बाटली पाठव.

मैना

*

नाशिक
९ जून १९७९

ति. ताईस,
जयभीम.

घाईत लिहितो. आबांना त्या गोळ्या बंद करायला सांग. रेल्वेच्या आजच सुरू कर. श्वासोलचं प्रमाण अजून ठरलेलं नाही. औषध जोरकस आहे, वय झालेल्या माणसाला झेपेलच असं नाही. दुसरी बाटली पाठवत नाही.

मे महिन्यात आबांना दरवर्षीच बरं असतं, हे तू विसरलीस.

आबांचं पत्र इथे पोचलं. साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्या लागल्या. आता त्याच्या प्रती काढताहेत. डॉक्टरांना द्यायच्या फायलीत एकेक घालणार आहेत.

वामन

*

इगतपुरी
२४ जून १९७९

प्रिय वामन,

औषध जोरकस आहे असं आबांना सांगितलं. खूश झाले. "मग अर्धीच पुरंल," म्हणाले. आता विळीवर अर्धी करून घेतात, म्हणजे जास्त दिवस पुरतील. रेल्वेच्या गोळ्यांची पुडी तशीच पडली आहे. "माझ्या पोराचं औषध असताना सरकारचं कशाला खाऊ?"

इकडे पावसानं आठ दिवस उघडीप दिलेली नाही. घरातल्या भिंतींना हात लावला की ओला होतो. आबांची छाती वाजते. भाकरी खाताना मध्येच थांबतात, श्वास घेतात, पुन्हा खातात. माझ्याकडे बघत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, "आजची हवा बेकार हाय. गोळी नसती तर जास्त झालं असतं."

काल गोळी कापताना विळीवर थोडी भुकटी उरली. मी ती बोटानं जिभेला लावली. वामन, मी चौथीच्या वर्गाला शिकवते. दिवसभर ती चव माझ्या तोंडात असते. फळा पुसला की नाकात जाते, घशात जाते. घरी येऊन चूळ भरली तरी जात नाही.

बाटलीत खडू आहे का? सरळ लिही. प्रमाण ठरलेलं नाही वगैरे पुन्हा लिहू नकोस.

मैना

*

नाशिक
१ जुलै १९७९

ताई,

खडू आणि पीठ आहे. औषध नाही.

लायसन्सआधी औषध करता येत नाही, म्हणून दाखवण्यासाठी अशा गोळ्या पाडतात. आकार कसा, रंग कसा, बाटली कशी दिसेल एवढ्यासाठी. सगळेच पाडतात. डॉक्टरांना ते माहीत असतं, टेबलावरची बाटली ते कुणाला देत नाहीत. घरी मात्र सांगायचं राहिलं. राहिलं असं नाही. आबांनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "हे तुमच्या इथं बनतं?" मी हो म्हटलं. मग त्यांनी ती माझ्यासमोर पुसली, धोतराच्या सोग्यानं. त्यानंतर कसं सांगणार होतो?

साहेबांना मी सांगितलं. त्या पत्रातला म्हातारा माझा बाप आहे आणि त्यानं खडू खाल्ला आहे. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "वामन, मला काय कळत नाही का? औषधच नाही तर गुण कशाचा येणार? पण औषध येणारच आहे. तेव्हा गुणही येईल. पत्र थोडं लवकर आलं, एवढंच." पूर्वी मला हा माणूस आवडत असे. अजूनही नावडत नाही. सहा महिने लायसन्ससाठी मुंबईच्या खेपा घालतो आहे, डोळ्यांखाली काळं झालं आहे.

ते पत्र आता माझ्या बॅगेत असतं. नाशिकरोडला दिलं, पंचवटीत दिलं, येवल्याला दिलं. कुणी वाचत नाही, फाइल मिटून बाजूला ठेवतात. वाचलं ते चांदवडच्या एका डॉक्टरांनी. चष्मा वर करून म्हणाले, "तुमचं औषध अजून बाजारात नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग हा म्हातारा काय खातोय?" मी म्हटलं, चाचणी चालू आहे. त्यांनी चष्मा खाली केला. पुढच्या पेशंटला हाक मारली.

तू आबांना सांग. मला तोंड नाही.

वामन

*

इगतपुरी
२९ जुलै १९७९

वामन,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आबांना दवाखान्यात न्यावं लागलं. धोंडीरामकाकांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून नेलं. त्या चढणीवर काका म्हणाले, "मुकादम, गाडीला मागून इंजिन लावलंय, तू नुसता बस." आबांना हसू आलं आणि त्या हसण्यानंच श्वास अडकला. ओठ निळे झाले होते. इंजेक्शन दिलं, नळी लावली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत का? आबांनी तोंडावरची नळी बाजूला केली आणि म्हणाले, "चालू हायत. मुलाच्या कंपनीच्या." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी घरी आणलं. मी सांगणार होते. ते भिंतीला टेकून बसले होते, बाटली मांडीवर. म्हणाले, "ही नसती तर मेलो असतो." त्या माणसाला त्या वेळी मी काय सांगायला हवं होतं ते तू मला लिही.

ते झोपल्यावर मी बाटली रिकामी केली आणि रेल्वेच्या गोळ्या तिच्यात भरल्या. त्याही पांढऱ्याच आहेत, किंचित लहान. आबांची नजर आता तेवढी राहिलेली नाही. तू आणखी गोळ्या पाठवल्यास, त्या याच बाटलीत भरल्या असं सांगितलं. पुन्हा सकाळी एक, संध्याकाळी एक. पंधरा दिवसांत उतार पडला. आता अंगणापर्यंत जातात. सांगत सुटले आहेत, अर्धी घेतली म्हणून तसं झालं होतं, पुरी घेतल्यावर बघा.

म्हणजे तुझं काम आता मी करते आहे. तू तिकडे बाटली दाखवतोस, मी इकडे भरते. मला वर्गात उभं राहावंसं वाटत नाही. मी हे कायम करणार नाही. तू ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग. तोंड नसेल तर तसाच ये.

मैना

*

नाशिक
१८ नोव्हेंबर १९७९

ति. ताईस,
सविनय जयभीम.

इतके महिने लिहिलं नाही. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. ये म्हणालीस, आलो नाही. रविवारी नाशिकरोड स्टेशनवर दोनदा गेलो. गाडी येऊन गेली, मी चहा पिऊन परत आलो.

लायसन्स आलं. श्वासोल गेल्या आठवड्यात बाजारात आलं. एक हॉल घेतला होता. डॉक्टरांना नारळ, शाल, जेवण. साहेब बोलताना रडले. दारापाशी आबांचं पत्र मोठं करून चौकटीत लावलं होतं. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे गृहस्थ आज आलेत का? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, प्रवास झेपत नाही.

सोबत दोन बाटल्या पाठवतो आहे, खऱ्या. उजेडात धरल्या तर चालतील. रेल्वेच्या गोळ्या संपल्या की या त्या बाटलीत भर. म्हणजे सगळं सरळ होईल. आबांनी लिहिलेलंही मग खोटं राहणार नाही. सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

आता झोप लागेल असं वाटलं होतं.

वामन

*

इगतपुरी
९ डिसेंबर १९७९

चि. वामन यास आबाचा आशीर्वाद.

हे पत्र मी शेजारच्या पोरीकडून लिहून घेतोय. मैनाला सांगितलं नाय. ती हल्ली गोळीचं नाव काढलं की चिडते.

नव्या गोळ्या सुरू केल्या. पहिल्या बाटलीसारखा गुण नाय. पावसाळ्यातल्या गोळीनं छाती मोकळी व्हायची. हिनं धडधड होते, हात कापतो, तोंड कोरडं पडतं. धोंडीराम म्हणतो, मुकादम, कंपनी मोठी झाली की माल बदलतो. तो काय, त्याला कंपनीतलं काय कळतंय. पण तुझ्या साहेबाला सांग, पहिल्यांदा बनवली तशीच बनवा. तुमच्या भल्याचं सांगतो. ती चांगली होती.

मी सोडणार नाय. तुझी हाय म्हणून घेतोच. धडधड झाली की जरा बसतो.

तुझी तब्येत जप. टाय गळ्याला लय आवळू नको.

सही : सहादू

*

नाशिक
१४ डिसेंबर १९७९

तीर्थरूप आबांस,
सविनय जयभीम.

श्वासोल आजपासून घेऊ नका. ते तुम्हाला सोसत नाही. बसून राहण्यासारखी ती धडधड नाही. उद्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवा आणि ते देतील त्याच गोळ्या घ्या.

पहिल्या बाटलीत खडू होता. औषध नव्हतं. ती दाखवायची बाटली होती. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मे महिन्यात तुम्हाला बरं वाटलं ते हवेमुळे. पावसात तुम्ही पडलात ते माझ्यामुळे. त्यानंतर ज्या गोळ्यांनी तुमची छाती मोकळी झाली त्या रेल्वेच्या होत्या. ताईनं त्या बाटलीत भरल्या. तिनं तुमचा जीव वाचवण्यासाठी ते केलं. तिला बोलू नका.

माझ्या साहेबांना तसंच औषध बनवायला सांगता येणार नाही.

ताई हे पत्र वाचून दाखवेल. समोर येऊन सांगायला हवं होतं. तेही जमलं नाही.

आपला,
वामन

*

इगतपुरी
२० डिसेंबर १९७९

प्रिय वामन,
जयभीम.

वाचून दाखवलं. कुठे थांबले नाही, काही वगळलं नाही. आबा हरभऱ्याचे घाटे सोलत होते. सोलतच राहिले. सगळं झाल्यावर म्हणाले, "खडू?" मी हो म्हटलं. "आणि तू भरत होती?" मी हो म्हटलं. "दोघं एकाच शाळेत शिकलेत." मग उठून बाहेर गेले आणि पायरीवर बसून राहिले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात गेले. मला सोबत येऊ दिलं नाही. पुडी घेऊन आले, तुझी पहिली बाटली फडताळातून काढली, तिच्यातल्या श्वासोलच्या गोळ्या एका कागदावर ओतल्या आणि पुडी बाटलीत रिकामी केली. मी बघत होते. म्हणाले, "बाटली चांगली हाय. झाकण घट्ट बसतं. कागदात गोळ्या दमट होत्यात." लेबल काढलं नाही. बाटली मात्र तसबिरीखाली ठेवली नाही, चुलीजवळच्या फळीवर ठेवली, मिठाशेजारी.

तुझ्यावर रागावलेत का, हे तू विचारशील. मला कळत नाही. खडूबद्दल नंतर एक शब्द बोलले नाहीत. पण संध्याकाळी म्हणाले, "त्या कागदावर माझी सही हाय." मी म्हटलं, असू दे आबा, आता ते औषध खरं आहे. तेव्हा पहिल्यांदा ओरडले. "मी लाइन न चालता ठीक म्हणून लिहून दिलं! माझ्या सहीवर कुणी गाडी सोडली तर?" ओरडल्यानं खोकला आला. पाणी दिलं. शांत झाल्यावर म्हणाले, "वामनला लिही. वाटलेले सगळे कागद परत आण म्हणावं. साहेब आणणार नाय. ज्यानं वाटले त्यानं आणायचे."

मी म्हटलं, त्याची नोकरी जाईल. म्हणाले, "मी कुठं नोकरी सोड म्हणतो?"

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. माझं म्हणून काही लिहायचं नाही. खूप थकले आहे रे.

मैना

*

नाशिक
२७ जानेवारी १९८०

ति. ताईस,
सविनय जयभीम.

आबांना वाचून दाखव.

साहेबांना विचारलं. म्हणाले, "औषध खरं आहे, म्हातारा खरा आहे, सही खरी आहे. मग खोटं काय?" मी म्हटलं, गुण. त्यांनी बराच वेळ टेबलावरची बाटली फिरवली. म्हणाले, "कंपनी काढून बघ एकदा, मग माझ्याशी बोल." शेवटी, करायचं तर सुटीच्या दिवशी कर आणि कंपनीचं नाव घेऊ नकोस, असं ठरलं. आबांच्या पत्राची चौकट त्यांनी स्वतः उतरवली. काच निखळली होती, म्हणाले. निखळलेली नव्हती. बाकीच्यांच्या फायलींतलेही कागद आता निघालेत. नोकरी आहे, पण पुढच्या महिन्यापासून मला धुळ्याकडे टाकताहेत.

हेही लिहायला हवं की श्वासोलनं काहींना बरं वाटतं आहे. पंचवटीतल्या एका बाईंना खरंच उतार पडला. त्यांनी पत्र लिहिलेलं नाही.

मी रविवारी हिंडतो. डॉक्टर घरी असतात. दार उघडून म्हणतात, आज काय नवीन? मी म्हणतो, आज द्यायला आलो नाही, न्यायला आलोय. कुठला कागद ते सांगतो, का तेही सांगतो. कुणी हसतं. एकानं सांगितलं की तो कागद रद्दीतून वाण्याकडे पुडी बांधायला गेला. कोणत्या वाण्याकडे तेही मी विचारलं, तेव्हा मात्र मला बाहेर काढलं. पण बहुतेक जण शोधतात. वर्षभर दवाखान्यात उभ्यानं दोन मिनिटं मिळत होती. परत मागायला गेलो तर खुर्ची देतात. एका घरी पोहे दिले.

चांदवडच्या डॉक्टरांनी तो फाइलमध्ये ठेवलाच नव्हता, वेगळा खणात ठेवला होता. माझ्या हातात देऊन म्हणाले, "म्हातारा काय खात होता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आता कसा आहे?" आजवर कुठल्याही डॉक्टरनं मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, स्वतः दवाखान्यात जातात.

नाशिकचे, नाशिकरोडचे, चांदवडचे मिळाले. पुडीला गेलेला गेला, तो मिळाला असं म्हणत नाही. येवल्याच्या एका डॉक्टरांकडचा राहिला आहे. ते गावाला गेलेत, त्यांच्या बाई म्हणाल्या कपाटात असेल, मिळाला असं समजा. मी म्हटलं, पुन्हा येतो.

आबांना सांग, तो हातात आल्याशिवाय काम झालं असं लिहीत नाही. झालं की सगळे घेऊन मी स्वतः येईन.

वामन